लज्जा आणि जीवित

लज्जा हा सद्गुण आहे कीं दोष? स्त्रीनें मर्यादेनें राहावें असें आम्हीच घरांत व मंदिरांत शिकवितों. आणि तीच स्त्री लाजेनें दुखणें लपवून मरण पावली, म्हणजे आम्हीच तिला वेडी म्हणतों. हा न्याय नव्हे.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ही ह्या प्रश्नाची कसोटी आहे. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें त्या एका वर्षांत भारतांतील सुमारें १ लक्ष २७ हजार स्त्रियांना हा रोग जडला व सुमारें ८० हजार स्त्रिया मरण पावल्या. हा रोग बहुतेक सर्वदा एचपीव्ही नांवाच्या विषाणूमुळें होतो, आणि विषाणूपासून कर्करोग होईपर्यंत बहुधा पुष्कळ वर्षें लोटतात. तेवढ्या अवधींत शोध लागला तर रोग टाळतां येतो. तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशीव जिल्ह्यांतील खेड्यांत १९९९ सालीं आरंभिलेल्या प्रयोगांत हें दिसून आलें. ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांसाठीं ज्या गांवांत ह्या विषाणूची तपासणी एकदांच ठेवली, तेथें ह्या रोगाचे मृत्यु इतर गांवांच्या मानानें सुमारें निम्मे झाले.

परंतु तपासणी म्हटली कीं परक्यापुढें अंग उघडें करणें आलें, म्हणून अनेक भगिनी मागें राहतात. आतां दुसरी रीत निघाली आहे. स्त्रीनें आडोशाला जाऊन मऊ टोकाची काडी स्वतःच योनिमार्गांत घालून फिरवावी व नळींत बंद करून द्यावी. पुढील परीक्षा प्रयोगशाळेंत होते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ही रीत मान्य केली आहे.

कोणी म्हणेल, ही लाजेची मनधरणी झाली. स्त्रियांस लाज सोडावयास शिकवा. आम्हांस तसें वाटत नाहीं. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांतील रक्तस्रावानें पीडलेली स्त्री गर्दींतून, पाठीमागून, कोणास न कळतां आली. प्रभूनें तिच्या लपून येण्यास दोष दिला नाहीं. त्या स्पर्शांत त्यानें विश्वास पाहिला. परंतु तिला लपलेलीही राहूं दिलें नाहीं. ती थरथर कांपत पुढें आली, तेव्हां सर्वांसमक्ष त्यानें तिला कन्या म्हटलें.

आमचें कर्तव्य ह्यांतच आहे. काडी स्त्रीची लाज राखते. पण विषाणु आढळल्यास दवाखान्यांत गेलेंच पाहिजे, नाहींतर तपासणी व्यर्थ. विषाणु आढळणें म्हणजे कर्करोग नव्हे. तें दुराचाराचें प्रमाणही नव्हे. हा विषाणु अतिशय सर्वसाधारण आहे, पतीपासूनही येतो, व वर्षानुवर्षें गुप्त राहतो. म्हणून पतीनें पत्नीला बोल लावूं नये. उपदेशकांनीं व बायबलबायांनीं तिचा निकाल दुसऱ्याच्या कानीं घालूं नये. जेथें ही काडी अद्याप पोंचली नाहीं, तेथें आरोग्यकेंद्रांतील परिचारिकेकडून तपासणी करून घ्यावी.

बंधुभगिनींनो, मंडळींतील तीस वर्षांवरील प्रत्येक भगिनीस हें सांगा. आणि जिला दवाखान्याचें बोलावणें येईल, तिच्याबरोबर जावयास एक वडीलधारी बाई तयार ठेवा. भीतीनें कांपणाऱ्या स्त्रीला त्या वाटेनें एकटी जाऊं देणें ख्रिस्ताच्या मंडळीस शोभत नाहीं.