थांब म्हणणारा कोण?

जुलै आला की आपल्या वस्त्यांत एकच प्रश्न फिरतो. लिस्ट लागली का? पहिल्या राउंडला नाव नाही, तर दुसऱ्या राउंडला येईल का? आणि आलं तर पैसे? पोरगं किंवा पोरगी मोबाइल हातात घेऊन बसते, माय चुलीपाशी बसते, बाप दारात. सगळे एकमेकांना एकच सांगतात, धीर धर.

मला विचारायचं आहे ते एवढंच, की हा धीर गुण आहे का? का आपल्या गळ्यात अडकवलेलं ते जुनंच मडकं आहे, फक्त नाव बदललेलं?

आधी हिशेब मांडू. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कॉलेजची फी बँकेतून येत नाही, झाडावरून येते. एप्रिल-मे महिन्यात तेंदूपत्ता निघतो. पहाटे उठून जंगलात जायचं, वाघाची भीती पोटात ठेवून पानं तोडायची, दुपारी ७० पानांचं एकेक पुडकं बांधायचं आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचं. घरात वर्षातून एकदा रोख पैसा दिसतो तो हाच. त्यातून उधारी फिटते, बी-बियाणं येतं, छप्पर होतं. उरलं तर कॉलेज. बारावीचा निकाल लागेपर्यंत या पैशाला आधीच दहा तोंडं फुटलेली असतात.

ज्याच्या घरी पैसा आहे तोही वाट पाहतो, मला मान्य आहे. त्याच्याही छातीत धडधडतं. पण त्याचा प्रश्न असतो, कोणतं कॉलेज? आपला प्रश्न असतो, कॉलेज का मजुरी? त्याला वाट पाहताना काही गहाण ठेवावं लागत नाही. वाट पाहणं हा शब्द एकच आहे, पण तो दोन वेगळ्या जगांत राहतो.

यावर कोणी म्हणेल की रांग तर सगळ्यांना सारखी आहे. गुण सारखे मोजतात, तारीख सारखी, घड्याळ सारखं. मग अन्याय कुठे आहे?

२०२४ चं उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या पोराला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. २४ जूनला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरायचे होते. बापाने गोळा करता करता पावणेपाच वाजवले. फॉर्म पुरा होण्याआधी खिडकी बंद. जागा गेली. पोरगा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ३० सप्टेंबर २०२४ ला कोर्टाने राज्यघटनेच्या कलम १४२ खाली त्याला प्रवेश द्यायला सांगितलं. न्याय झाला. पण मित्रहो, तो पोरगा अभ्यासात उशिरा आला नव्हता. उशिरा आला तो पैसा. घड्याळ सगळ्यांना सारखं होतं हे खरं, खिसा सारखा नव्हता. आणि जे कोर्टापर्यंत पोचलेच नाहीत त्यांची मोजदाद कुठल्या यादीत आहे?

आपल्याकडे तर पावसाळाही आडवा येतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटायचं, हे आपण वर्षानुवर्षं पाहिलं. प्रवेशाच्या तारखा त्याच महिन्यांतल्या. तिथल्या माडिया पोराला तारीख कळून काय उपयोग, जर वाटच पाण्याखाली असेल?

कागदांचंही तसंच. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजा शाळेत गेलाच नाही, कारण जाऊ दिलं नाही. मग शाळेचा दाखला आणायचा कुठून? शेवटी कोतवाल बुकाची नक्कल शोधत तहसिलीच्या पायऱ्या झिजवायच्या. ज्यांनी आज्याला शाळेबाहेर ठेवलं त्यांना कोणी पुरावा मागत नाही. मी बल्लारपूरला कागद मिलमध्ये राबतो. बांबू आणि लाकडाचा लगदा होऊन रोल निघताना रोज पाहतो. एवढा कागद आपल्या हातून जातो आणि आपल्याच घरात एक कागद सापडत नाही.

आता धम्माकडे येतो. कारण कोणी म्हणेल, अरे, बुद्धाने तर धीर शिकवला. दहा पारमितांत क्षांती आहे. आहे, खरं आहे. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये क्षांतीचा अर्थ काय सांगितला? द्वेषाला द्वेषाने उत्तर न देणं. मुकाट बसून राहणं असा अर्थ त्यांनी सांगितला नाही. आणि त्याच दहांत वीर्य आहे. वीर्य म्हणजे हाती घेतलेलं काम सगळ्या ताकदीनिशी करणं, मागे न वळणं. क्षांती वीर्यापासून तोडली की उरते ती लाचारी.

बाबासाहेबांनी स्वतः वाट पाहिली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. पण ती तीन वर्षं ते बसून राहिले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून पैसा मागे टाकला, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार कर्ज काढलं आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. पुढे सत्तेत जागा मिळाली तेव्हा ती वणवण विसरले नाहीत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा त्यांनी भांडून मागितला. १९४४ ला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात होते.

पण त्या वर्षांत मुंबईत संसार कोणी रेटला? रमाईने. पाच लेकरांतलं एकच जगलं. तिच्या वाट पाहण्याला पदवी मिळाली नाही. हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. घरी जाऊन काय करतो?

मी काय केलं ते सांगतो. गेल्या वर्षी माझी बहीण बारावी झाली. नागपूरला नंबर लागत होता. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं, स्कॉलरशिप येईल तेव्हा येईल, आधी भरा. तेंदूचा पैसा संपला होता. माय म्हणाली, "यंदा थांब वो बाई, पुढच्या साली पाहू." आणि मी, विहारात समतेवर कविता वाचणारा मी, मान हलवली. कर्ज काढता आलं असतं. मोटरसायकलसाठी मी काढलं होतंच. बहीण काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, तू थांबला असता का?"

त्या एका वाक्याने माझा प्रश्न सुटला. धीर हा गुण आहे, पण फक्त स्वतःपुरता. मी स्वतः धरला तर ती क्षांती. दुसऱ्याला धरायला लावला आणि त्याचा फायदा मी घेतला, तर ते शोषण. मग सांगणारं सरकार असो, कॉलेज असो, नाहीतर भाऊ. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात आपल्या आज्यांनी दीक्षा घेतली. बौद्ध झाले म्हणून केंद्राच्या सवलतींची दारं बंद झाली, ती १९९० ला उघडली. चौतीस वर्षं कोणीतरी आरामात बसून आपल्याला म्हणत होतं, थांबा. ते आपल्याला अन्याय वाटतं. मग बहिणीला एक वर्ष थांबवणं काय आहे?

तेव्हा मित्रहो, सरकारशी भांडण चालू ठेवूच. शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे, अडीच लाखाची उत्पन्नमर्यादा वाढली पाहिजे. पण जुलैची वाट न पाहता चार कामं आपल्याच हातातली आहेत. पोरं अकरावीत असतानाच पडताळणीचे कागद जमवा. ज्याला तहसिलीत बोलता येतं त्याने बाकीच्यांसोबत जावं. दर विहारात एक पेटी ठेवा, दर महिन्याला घरटी थोडे पैसे टाका आणि फीच्या वेळी ते बिनव्याजी द्या. भीक म्हणून देऊ नका. शिकून कमावत्याने परत टाकायचे, पुढच्यासाठी. आणि त्या पेटीतून पहिलं नाव पोरीचं निघू द्या, कारण थांबायला तिलाच आधी सांगितलं जातं.

आमच्या वस्तीत पेटी सुरू झाली आहे. बहिणीने यंदा पुन्हा फॉर्म भरला आहे. लिस्ट अजून लागायची आहे. मोटरसायकल मी विकली. यात त्याग वगैरे काही नाही, एका वर्षाची उधारी होती. ती तरी पूर्ण फिटली असं मला म्हणवत नाही.

जयभीम.