भली माणसे आणि शेवटचा क्रमांक

सज्जनपणा यशाच्या आड येतो का, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न अमेरिकेत एका बेसबॉल मॅनेजरच्या तोंडून घरोघरी पोचला. लिओ ड्युरोशर (१९०५–१९९१) ब्रुकलिन डॉजर्सचा मॅनेजर असताना, १९४६ च्या उन्हाळ्यात, प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्सबद्दल म्हणाला की भली माणसे तिकडे आहेत, सातव्या क्रमांकावर. लीगमध्ये संघ होते आठ. छापून येता येता या टोमण्याचा ‘भली माणसे शेवटी येतात’ असा सिद्धान्त झाला. ड्युरोशरने तो खुशीने आपलासा केला आणि १९७५ मध्ये आत्मचरित्राला तेच नाव दिले.

सिद्धान्त म्हणून तो लंगडाच आहे. बेसबॉलचा कमिशनर हॅपी चँडलर याने १९४७ च्या संपूर्ण हंगामासाठी ड्युरोशरला निलंबित केले. जुगाऱ्यांशी त्याची ऊठबस हे त्यामागचे एक मोठे कारण. त्याच्या जागी आलेला बर्ट शॉटन गणवेशही न घालता साध्या कपड्यांत बसणारा सौम्य गृहस्थ. डॉजर्सनी त्या वर्षी लीग जिंकली.

खरा पेच ड्युरोशरच्याच वागण्यात आहे. निलंबनाच्या थोडे आधी, पनामातील सराव शिबिरात, कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनला संघात घेऊ नये म्हणून काही खेळाडू सह्या गोळा करत असल्याचे त्याच्या कानावर आले. त्याने मध्यरात्री सगळ्यांना उठवून स्वयंपाकघरात गोळा केले आणि शिवराळ भाषेत सुनावले: माणसाचा रंग कोणता याच्याशी त्याला कर्तव्य नाही, रॉबिन्सन खेळणार आणि सर्वांना पैसा मिळवून देणार. बंड तिथेच बारगळले. समतेचा मात्र त्या भाषणात उच्चारही नव्हता.

चार वर्षांनी, जायंट्सचा मॅनेजर म्हणून, त्याने पोलो ग्राउंड्सच्या मध्य मैदानामागील खोलीत दुर्बीण लावून विरुद्ध संघाचा कॅचर कोणता चेंडू टाकायचा हे सांगण्यासाठी करी त्या खुणा चोरल्या. साडेतेरा सामन्यांनी मागे पडलेल्या जायंट्सनी डॉजर्सना गाठून लीग जिंकली. अशा युक्तीविरुद्ध तेव्हा स्पष्ट नियम नव्हता, तरी ती दशकानुदशके लपवली गेली, हे पुरेसे बोलके आहे.

दोन्ही कृत्यांचा हेतू एकच: जिंकणे. गिऱ्हाईक टिकावे म्हणून रास्त भाव लावणाऱ्या दुकानदाराचे वर्तन कर्तव्याला धरून असले तरी त्याला नैतिक मोल नाही, असे इमान्युएल कांटने १७८५ मध्ये म्हटले होते. त्या कसोटीवर पनामातली रात्रही ड्युरोशरच्या पुण्याच्या खात्यात जमा होत नाही. निवाडा कठोर आहे, पण ड्युरोशरपुरता चुकीचा नाही. रॉबिन्सन सामान्य खेळाडू असता तर तो त्याच्यासाठी झोपेतून उठला असता, असे मानायला आधार नाही. उपयुक्ततावादी मात्र परिणामाकडे पाहील, आणि तिथे ड्युरोशरचे पारडे जड आहे: संघाचे दार रॉबिन्सनला त्याच वसंतात उघडले, सहकाऱ्यांची मने शुद्ध होईपर्यंत त्याला थांबावे लागले नाही.