लाल चांदणी

आरोग्य माहितीशास्त्राच्या वर्गात ते चौघं एका गटात आले, ते केवळ हजेरीपटावरच्या क्रमामुळे. एक संगणक अभियंता, एक बीएएमएस झालेला डॉक्टर, एक संख्याशास्त्राची पदवीधर आणि एक नर्स, जिनं काही वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात रात्रपाळ्या केल्या होत्या. प्रकल्पासाठी त्यांना पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. आशाताई नवजात बाळांच्या घरी जातात, त्या भेटींची नोंद वहीऐवजी मोबाइलवर आणायची होती.

या भेटींचे दिवस ठरलेले असतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. जन्म घरी झाला असेल तर पहिल्या दिवशीही. या पद्धतीमागे गडचिरोलीचं काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं आणि त्या गावांमधला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि 2011 पासून देशभरातल्या आशाताई हे काम करू लागल्या.

अभियंत्यानं जुन्या वह्या चाळल्या. जन्मवजनाचे रकाने जागोजागी मोकळे होते. त्यानं ॲपमध्ये महत्त्वाच्या प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी ठेवली. तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही. डॉक्टरला हे मनापासून पटलं. अडीच किलोच्या आतलं बाळ लवकर गार पडतं, नीट ओढून पीत नाही, त्याला जंतुसंसर्ग पटकन होतो. वजनच माहीत नसेल तर जपायचं कोणाला?

दोन महिने गेले. एकही रकाना मोकळा नाही. केंद्राच्या मासिक सभेत पडद्यावर सगळी गावं हिरवी दिसली. कौतुक झालं, चहा झाला.

संख्याशास्त्रवाली मात्र रात्री त्या वजनांपाशी अडली. निम्म्याहून जास्त बाळं बरोब्बर 2500 ग्रॅमची. आलेखात मधोमध एक उंच खांब आणि दोन्ही बाजूंना विखुरलेले ठेंगणे खांब. जनगणनेत वय विचारलं की लोक तीस, पस्तीस, चाळीस सांगतात आणि त्या आकड्यांवर ढीग साचतो, हे ती शिकली होती. पण बाळं अशी मोजून-मापून जन्माला येत नाहीत.

डॉक्टर भडकला. “घरी बसून भरतात! आणि यांच्या भरवशावर आपण बाळं वाचवणार?” अभियंत्याला ॲपमध्ये दोष दिसेना. दोन दिवस गटात धड कोणी बोललं नाही. शेवटी नर्स म्हणाली, “आकड्यांवरून भांडण्यापेक्षा ताईंना विचारू या ना.”

चौघं एका आशाताईंच्या घरी गेले. त्या ओसरीवर नाचणी पाखडत होत्या. प्रश्न ऐकून त्या आत गेल्या आणि झोळीचा ताणकाटा घेऊन आल्या. रिकामी झोळी अडकवली, तर काटा शून्यावर थांबेना, थेट तीनशेच्या पुढे गेला. “स्प्रिंग गेलीये. सांगितलंय, पण नवा आला नाही. पलीकडच्या पाड्यावरच्या ताईकडं तर काटाच नाही. आणि काही घरी पाचवी झाल्याशिवाय बाळाला झोळीत ठेवू देत नाहीत.”

“मग 2500 का लिहिता, ताई?” डॉक्टरनं विचारलं. आवाज अजून कडकच होता.

“सर, वहीत मी मोकळं सोडायचे. तुमचा मोबाइल सोडू देत नाही. ते पान अडलं की पुढची सगळी भेट अडते. सिस्टर म्हणाल्या होत्या, अडीच किलो म्हणजे चांगलं. तेच टाकते.”

मला यात त्या बाईंचा रतीभरही दोष दिसत नाही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्याची नोंद असेल तरच आशाला एका बाळामागे 250 रुपये मिळतात. त्यासाठी ती पावसात ओढे ओलांडते. वहीतला तिचा मोकळा रकाना खरं बोलत होता. खोटं बोलायला तिला चांदणीनं भाग पाडलं.

परतताना जीपमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही. मग नर्सनं गडचिरोलीच्या श्वासमापकाची गोष्ट काढली. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजावे लागतात आणि गावातल्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. बंगांनी त्यांच्यासाठी वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ आणि मणी दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. सुइणीला काय जमतं, ते आधी पाहिलं. उपकरण त्यानंतर आलं.

पुढच्या सभेला चौघं जमिनीवर बसले आणि आशाताईंना बोलू दिलं. अभियंता लिहून घेत होता. त्यानं जन्मवजनापुढची चांदणी काढली. तिथं ‘मोजलं नाही’ हा पर्याय आला आणि त्याखाली कारणं आली: काटा नाही, काटा बिघडला, घरच्यांनी मोजू दिलं नाही. कारणांचे शब्द ताईंचेच होते.

महिन्याभरात हिरवा पडदा पिवळा झाला. तालुक्याच्या आढाव्यात विचारणा झाली: आकडे एकदम कसे बिघडले? वैद्यकीय अधिकाऱ्यांनी चौघांना बोलावून जुनं ॲप परत लावायला सांगितलं. महाविद्यालयातलं सादरीकरण पंधरवड्यावर आलेलं. जुना आलेख दाखवला असता तर गुण नक्की होते. या वेळी डॉक्टरच पुढे झाला. त्यानं वाद घातला नाही, फक्त एक कागद पुढे ठेवला. पाडावार यादी होती: कुठं काटा नाही, कुठं बिघडलेला. ती वहीतून कधीच निघाली नसती, कारण मोकळा रकाना कारण सांगत नाही. अधिकाऱ्यांनी यादी दोनदा वाचली. जुन्या ॲपचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. नव्या काट्यांचा खर्च रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून करायचं ठरलं.

काटे आले तसा तो उंच खांब खचत गेला. 2150, 2720, 1980, 3040. एका पाड्यावर 1700 ग्रॅमची मुलगी सापडली. जुन्या चांदणीच्या हिशेबात ती अडीच किलोची ठरली असती. तिच्या आईनं तिला छातीशी उघड्या अंगाला लावून, वर गोधडी लपेटून, रुग्णवाहिकेतून नवजात कक्षात नेलं. आशाताई शेजारी बसून होत्या.

दिवाळीनंतरच्या सभेत त्याच ताईंनी हात वर केला. “वजनाचं झालं. पण ते गाव विचारतं ना, तिथं अजून चांदणी आहे. आता माणसं जगायला चालली, भिवंडीकडं, वीटभट्टीवर. माझी तीन बाळं आयांबरोबर तिकडं गेलीत. त्यांचं गाव कुठलं लिहू? आणि तिथं त्यांना बघणार कोण?”

संख्याशास्त्रवालीनं वहीचं नवं पान उघडलं. “कुठल्या भट्टीवर गेलीत ते माहीत आहे का, ताई?”

“दोघी आयांचं माहीत आहे,” ताई म्हणाल्या. “तिसरीच्या सासूला विचारावं लागेल. आत्ता निघालो तर ती घरी भेटेल.”