मनाईहुकूम आणि मनुस्मृती

लेखक : महाडची दुसरी परिषद म्हटलं की २५ डिसेंबर १९२७ आठवतो, मनुस्मृती जाळली तो दिवस. मला त्यानंतर दोन दिवसांनी झालेला निर्णय जास्त अवघड वाटतो. चवदार तळ्याचं पाणी पुन्हा प्यायचंच, या निर्धारानं हजारो माणसं महाडला जमली होती. सत्याग्रहींच्या यादीत साडेतीन हजारांवर नावं होती आणि त्या प्रत्येकाची तुरुंगात जायची तयारी होती. पण परिषदेच्या काही दिवस आधी महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळं स्पृश्यांच्या मालकीचं आहे आणि अस्पृश्यांनी तिथं पाणी भरायचं नाही ही जुनी वहिवाट आहे, असं सांगून त्यांनी तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. कलेक्टरनं परिषदेत येऊन कायदा मोडू नका, असं सांगितलं. शेवटी सत्याग्रह तहकूब झाला. लोकांनी मिरवणुकीनं तळ्याला फेरी घातली आणि पाण्याला हात न लावता ते परतले. बाबासाहेब आंबेडकरांचा हा निर्णय योग्य होता असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण दोन दिवस आधीच्या दहनातच सापडतं. मनुस्मृती जाळायची आणि मनाईहुकूम पाळायचा, यात विसंगती नाही. एका कायद्यापुढं दाद मागायची सोयच नव्हती, तो जाळला. दुसऱ्या कायद्यात प्रतिवादीला उभं राहून उत्तर देता येत होतं, पुरावा मागता येत होता, अपील करता येत होतं, म्हणून तो पाळला.

कार्यकर्ती : सर, तुमची मांडणी नेटकी आहे, पण त्या वर्षांचा क्रम बघा. १९२३मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. १९२४मध्ये महाड नगरपालिकेनं स्वतः ठराव करून तळं खुलं केलं. म्हणजे २० मार्च १९२७ला लोक तळ्यावर गेले, ते कायद्यानं दिलेलं घ्यायला. त्याबद्दल त्यांनी मार खाल्ला. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून मांडवात जेवायला बसलेल्यांवर लाठ्या चालवल्या. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध करून घेतलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला आणि डिसेंबरात न्यायालयानं मनाई दिली. कायदा पाळणाऱ्यांच्या हातून एकेक करून कायदाच काढून घेतला. आणि ती मनाई कशाच्या आधारावर? वहिवाटीच्या. सर, परिषदेत ज्या मनूला तुम्ही जाळलंत, तोच वहिवाटीचं नाव घेऊन दिवाणी न्यायालयात वादी म्हणून उभा होता. मग एकाला जाळलं आणि दुसऱ्याला पाळलं, असं कसं म्हणता?

लेखक : ताई, हाच मुद्दा माझ्या बाजूनं जातो असं मला वाटतं. वहिवाट मनुस्मृतीत असते तेव्हा तिला पुरावा लागत नाही. तीच दाव्यात आली की सिद्ध करावी लागते. जे हजारो वर्षं गृहीत धरलं होतं, ते महाडच्या सवर्णांना साक्षीदार आणि कागदपत्रं घेऊन शाबीत करायची पाळी आली, आणि ते त्यांना जमलं नाही. १९३१मध्ये महाडच्या न्यायालयात ते हरले, पुढं ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात हरले, आणि १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयानंही त्यांचं अपील फेटाळलं. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. स्वराज्याच्या चळवळीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, तरी पुराव्यापुढं त्यांनाही तोच निष्कर्ष काढावा लागला. अस्पृश्यतेची बाजू आपल्याच निवडलेल्या आखाड्यात, आपल्याच शब्दांत मांडून हरली. सत्याग्रहानं तळ्याचं पाणी एका दिवसापुरतं मिळालं असतं. या निकालानं वहिवाटीचा दावाच निकालात निघाला.

कार्यकर्ती : निकाल पूर्ण वाचा ना. न्यायालयानं इतकंच म्हटलं की अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. ती सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य आहे का, सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, हा प्रश्न कदाचित विचारात घ्यावा लागला असता, असं म्हणून तो तिथंच सोडून दिला. म्हणजे दहा वर्षांनी उत्तर मिळालं ते असं की तुमच्याविरुद्धचा पुरावा अपुरा आहे. माणसाला तहान लागली की पाणी पिण्याचा हक्क आहे, असं कोणी म्हटलं नाही. चांगले दोन म्हातारे साक्षीदार आणि एखादा जुना दस्त सापडला असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?

लेखक : तर मी म्हणालो असतो की लढाई पुढच्या पायरीवर न्यायला हवी, आणि ती नेलीच. न्यायालयानं जी जागा मोकळी सोडली, ती त्याच दाव्यातल्या प्रतिवादीनं पुढं संविधानात भरली. अनुच्छेद १७नं अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ मध्ये तर विहिरी, तलाव आणि स्नानघाट असे शब्दच आहेत. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात तलाव का यावा? कारण महाडमध्ये काय होऊ शकतं, हे मसुदा समितीच्या अध्यक्षांना प्रतिवादी म्हणून माहीत होतं. मनाई मोडून खटला गुन्ह्याच्या रस्त्यावर गेला असता, तर नागरिक म्हणून हक्क मागणारा माणूस आरोपी झाला असता.

कार्यकर्ती : हे १९५०मध्ये उभं राहून १९२७कडे बघणं झालं. शेवट माहीत असला की संयमाला शहाणपण म्हणणं सोपं जातं. त्या दिवशी मांडवात बसलेल्या बाईला अनुच्छेद १५ दिसत नव्हता. तिला दिसत होतं ते समोरचं पाणी आणि रिकामी घागर. आणि यादीत नाव घातलेल्या माणसाला काय वाटलं असेल? त्यानं कामधंदा सोडला होता, तुरुंगाची तयारी केली होती. त्याला तुम्ही सांगता, तुझा हक्क खरा आहे, पण तो वकिलांकडं राहू दे. तहकुबी परिषदेपुढं मांडली, लोकांनी ती मान्य केली, हे मला ठाऊक आहे. पण ती बाबासाहेबांवरच्या विश्वासापोटी मान्य केली. तारखा पुढं पुढं जात राहिल्या, त्याची किंमत या माणसांनी मोजली.

लेखक : किंमत त्यांनीच मोजली, हे निर्विवाद. पण मोडण्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागली असती. मार्चमध्ये महाडमधल्या मारहाणीवर प्रकरण थांबलं नव्हतं, आपापल्या गावी परतणाऱ्यांनाही गाठून मारलं होतं. चार घरांच्या वस्तीत राहणारा माणूस शेकडो सवर्णांच्या गावात रात्री काय करणार? तोवर सरकार विरोधात उभं नव्हतं. मनाई मोडली असती तर एकाच वेळी सनातन्यांशी आणि सरकारशी झुंजावं लागलं असतं, आणि सनातन्यांना नेमकं तेच हवं होतं. दुसरीकडचं उदाहरण घ्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३मध्ये बर्मिंगहॅमला अलाबामाच्या राज्य न्यायालयाची मनाई मोडली आणि अटक करून घेतली. पण ९ मार्च १९६५ला सेल्मात मोर्चा थांबवण्याचा संघराज्याच्या न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा पुलावर जाऊन, प्रार्थना करून ते माघारी फिरले. तरुण कार्यकर्ते संतापले, तरीही. आठवड्याभरानंतर न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी मोर्चाला परवानगी दिली. जिथं दाद मिळण्याची शक्यता आहे तिथं आदेश पाळायचा, जिथं ती नाही तिथं मोडायचा, हा विवेक बाबासाहेब आणि किंग या दोघांनीही केला.

कार्यकर्ती : मग बर्मिंगहॅमचं पुढं काय झालं तेही सांगा. १९६७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की मनाई चुकीची असली तरी ती रद्द होईपर्यंत पाळायलाच हवी होती. किंग यांची शिक्षा कायम झाली. दोन वर्षांनी त्याच न्यायालयानं बर्मिंगहॅमचा तो मोर्चाबंदीचा नियमच घटनाबाह्य ठरवला. किंग थांबले असते तर सहा वर्षांनी त्यांना कळलं असतं की त्यांचं बरोबर होतं, आणि तोवर चळवळ उरली नसती. आता मला सांगा, महाडचं तालुक्याचं न्यायालय कोणासारखं होतं, सेल्मासारखं की बर्मिंगहॅमसारखं? वहिवाटीच्या जोरावर एकतर्फी मनाई देणारं न्यायालय तुम्ही सेल्माच्या रांगेत बसवताय, कारण निकाल पुढं चांगला लागला.

लेखक : बर्मिंगहॅममध्ये मनाई मागायला खुद्द शहराचं प्रशासन गेलं होतं. महाडमध्ये खासगी माणसं गेली होती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पण त्यानं तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, हे मला दिसतं. संविधान सभेतल्या शेवटच्या भाषणात, २५ नोव्हेंबर १९४९ला, बाबासाहेबांनी सत्याग्रह आणि कायदेभंग सोडून द्या असं सांगितलं, पण एका अटीवर : घटनात्मक मार्ग खुले असताना. माझा सगळा युक्तिवाद या अटीवर उभा आहे.

कार्यकर्ती : आणि मार्ग खुला आहे की नाही, हे ठरवायचं कोणी? खटला समजणाऱ्यानं, की ज्याचं पाणी अडवलंय त्यानं?

लेखक : दोघांनी मिळून. पण दोघांचं जमलं नाही तर आयुष्य पणाला लावणाऱ्याचं मत जड धरावं लागेल, आणि तसं धरलं तर २७ डिसेंबरचा निर्णय मला वाटला होता तितक्या सहज मी योग्य ठरवू शकत नाही. तरी मनाई पाळणं चूक होतं, असंही मला म्हणता येत नाही.

कार्यकर्ती : मला म्हणता येतं.