लेकरांच्या पावलांनी

मननासाठी शास्त्रभाग : उत्पत्ति 33:12–17

उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात दोन भावांच्या भेटीची हकीकत आहे. वीस वर्षांच्या वियोगानंतर याकोब आपल्या देशी परत येत आहे, आणि एसाव चारशे माणसे घेऊन त्यास सामोरा आला आहे. गळाभेट झाली, दोघेही रडले, आणि मग एसावाने सुचविले की आता आपण बरोबरच पुढे जाऊ. याकोबाने नम्रपणे नकार दिला. आपली लेकरे सुकुमार आहेत, शेळ्यामेंढ्या व गाई पाजत्या आहेत, एक दिवस जरी त्यांस फाजील हाकलले तरी कळप दगावेल, सबब आपण लहानांच्या बेताने सावकाश मागून येऊ, असे त्याने भावास कळविले.

ह्या बोलण्यात भावाविषयीची थोडी भीतीही होती असे काही टीकाकार म्हणतात, आणि ते खोटे नसेल. तरी वीस वर्षे मेंढरे राखलेल्या माणसाने जे सांगितले ते खरे आहे की नाही, हे आपल्या गावच्या कोणाही धनगरास विचारावे. कळपाची चाल दांडग्या एडक्यावरून ठरत नाही. काल जन्मलेल्या कोकरावरून ठरते.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीत ज्यांच्याकडे शब्बाथशाळेचा लहान वर्ग सोपविलेला आहे, अथवा जे गावच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांस शिकवितात, त्यांच्याशी आज ह्या वचनावरून आम्हांस बोलावयाचे आहे. लहान मुलांस शिकवावे कसे, आणि वर्ग ताळ्यावर ठेवावा कसा, हा प्रश्न पुष्कळ बंधू आम्हांस विचारतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आमचा स्वतःचा एक अपराध सांगणे आम्हांस भाग आहे.

आमच्या वर्गात सुमारे सात वर्षांचा एक मुलगा दर रविवारी उशिरा येत असे. प्रार्थना होऊन गेल्यावर, गीत चालू असता, तो दारात उभा राही. दोन वेळा आम्ही त्यास दटावले. तिसऱ्या वेळी, इतरांस वळण लागावे म्हणून, त्यास पाठ संपेपर्यंत दाराशीच उभे केले. मुले हसली, आम्ही ती हसू दिली. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही रविवारी आला नाही. तीन रविवार गेल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा कळले की सकाळी शेळ्या पाणवठ्यावर नेऊन परत आणण्याचे काम त्याच्याकडे आहे, आणि ते उरकल्यावाचून त्यास निघता येत नाही. तो माळावर होता. आम्ही तिकडे गेलो, तर आम्हांस पाहताच तो शेळ्या सोडून बाभळीआड पळाला.

वाचकहो, ज्या शुभवार्तेत भिऊ नका म्हणून सांगितले आहे, ती सांगणाऱ्यास पाहून एक लेकरू पळाले! आम्ही वर्गाची वेळ एका तासाने पुढे नेली, त्याच्या आईजवळ व त्याच्याजवळ क्षमा मागितली. तो पुन्हा येऊ लागला. पण कित्येक महिने दाराजवळच बसे. आत येऊन इतरांमध्ये बसण्यास त्यास सबंध पावसाळा लागला.

मागाहून आम्हांस आठवले की शब्बाथशाळा ही संस्थाच मुळी मुलांच्या वेळेकडे पाहून वाढीस लागली. 1780 साली इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट रेक्स ह्यांनी गरिबांच्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली, ती अशासाठी की सहा दिवस ती मुले कामावर जात व रविवार तेवढा त्यांस मोकळा असे. जी शाळा कामकरी मुलाची मोकळी घटका शोधीत निघाली, तिनेच कामामुळे उशीर झालेल्या मुलास दाराशी उभे करावे, ह्याहून विपरीत ते काय?

आता याकोबाच्या चालीतून तीन गोष्टी आपण शिकू.

पहिली गोष्ट ही की, मेंढपाळाची तयारी कळप हलण्यापूर्वी झालेली असते. पाणी कोठे आहे, सावली कोठे आहे, हे त्यास आधी ठाऊक असते. वर्गातील गोंधळ बहुधा मुलांच्या खोडकरपणातून उद्भवत नाही. तो आपल्या रिकाम्या घटकेतून उद्भवतो. मास्तर शास्त्राची पाने चाळीत आहेत, बाई चित्र शोधीत आहेत, आणि वीस मुले वाट पाहत आहेत, अशा वेळी एकाने दुसऱ्यास चिमटा काढला तर दोष कोणाचा? म्हणून मुलांच्या आधी पाव तास जावे. सतरंजी अंथरलेली असावी, गोष्ट निदान तीन वेळा वाचून मनात बसलेली असावी, मुलांनी हाताने काय करावयाचे ते ठरलेले असावे. दारात उभे राहून प्रत्येकास नावाने बोलवावे. ज्याचे नाव प्रेमाने घेतले गेले, त्यास आपल्याकडे लक्ष ओढून घेण्यासाठी खोडी काढण्याची गरज थोडी उरते.

दुसरी गोष्ट ही की, चाल लेकरांची असावी. सहा वर्षांचे मूल मोठ्यांप्रमाणे अर्धा तास उपदेश ऐकू शकत नाही. देवानेच त्यास तसे घडविलेले नाही. दहा मिनिटे गोष्ट, मग उठून हातवाऱ्यांसह गीत, मग मातीने अथवा खडूने काही करणे, मग पुन्हा थोडे बोलणे, असा पालट असावा. एका दिवशी एकच गोष्ट शिकवावी. तीही मुलाच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरू करावी. आपल्या प्रभूने पेरणी, खमीर, दिवा, हरवलेले नाणे, चुकलेले मेंढरू ह्यांवरून शिकविले. ऐकणाऱ्यांच्या घरात व शेतात जे नव्हते त्यापासून आरंभ केला नाही. मुलाच्या घरी भिल्ली, वारली किंवा गोरमाटी बोली बोलत असतील, तर प्रथम त्या बोलीतले उत्तर आनंदाने घ्यावे आणि मग पुस्तकी शब्द त्याच्या शेजारी ठेवावा. जो आपल्या आईच्या भाषेबद्दल लाजला, तो पुढे तोंडच उघडीत नाही.

प्रश्न विचारण्याचीही चाल असते. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तर लागलीच न आले तर स्वतःच सांगून मोकळे होतो. मेरी बड रो ह्या अमेरिकन विदुषींनी 1970 नंतरच्या दशकात वर्गांचे बारकाईने निरीक्षण करून दाखविले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर बहुधा एक सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर उत्तरे लांब व विचारपूर्वक येतात, आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद! एवढेही आपण लेकरांसाठी थांबत नाही. प्रश्न सर्वांस विचारावा, मनात पाच अंक मोजावे, मग एकाचे नाव घ्यावे. उत्तर चुकले तर हसू नये व कोणास हसू देऊ नये. त्यात जेवढे बरोबर असेल तेवढे उचलून पुढे जावे.

तिसरी गोष्ट काठीविषयी. येथे कित्येक बंधू नीतिसूत्रांतील छडीचे वचन पुढे करतात. परंतु तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीने मेंढरास धीर येतो असे आहे, तेही आपण वाचावे. धनगर काठी बाळगतो ती लांडग्यासाठी, आणि वाट चुकणारे मेंढरू हळूच वळविण्यासाठी. पाजत्या शेळीस झोडपणारा धनगर कोणी ठेवून घेईल काय? ह्या देशात तर 2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्याने, जो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला, त्याच्या 17व्या कलमान्वये शाळेत मुलास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे ह्या दोहोंस मनाई आहे. दारात उभे करून हसे करणे ह्यात हात उगारलेला नसतो. तरी ती जखमच होय, हे आम्ही स्वतःच्या अपराधावरून सांगतो. सरकारी कायद्याने मुलास शाळेत जेवढे निर्भय केले, त्याहून देवाच्या घरात त्याने अधिक भ्यावे काय?

मग शिस्त नकोच की काय? तसे नाही. कळप मोकाट सोडणे ही दया नव्हे. नियम असावेत, पण तीनचारच असावेत, आणि काय करू नये ह्यापेक्षा काय करावे हे त्यांत असावे. “गोंगाट करू नका” ह्यापेक्षा “हात मांडीवर, डोळे माझ्याकडे” हे मुलास कळते, कारण ते त्यास करता येते. तेही एकदा सांगून भागत नाही; गीताप्रमाणे त्याचा सराव करून घ्यावा. गप्प होण्याची एक खूण ठरवावी, टाळीची अथवा घंटेची, आणि ती केल्यावर सर्व शांत होईपर्यंत पुढचा शब्द बोलू नये. आपण आवाज चढविला की मुलेही चढवितात. आपण हळू बोललो की ती ऐकण्यासाठी थांबतात. एखादा फारच चुळबुळ करू लागला तर दुरून ओरडू नये. बोलता बोलता त्याच्याजवळ जाऊन उभे राहावे. तेवढ्याने न भागल्यास त्याच्या शेजारी उकिडवे बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीस येऊन, त्यास एकट्यास ऐकू जाईल असे बोलावे. आणि त्यास काही काम द्यावे, जसे पाट्या वाटणे, सतरंजी गुंडाळणे. चांगले वागला तर “शहाणा” एवढेच न म्हणता, “तू धाकटीस जागा करून दिलीस, ते मला आवडले” असे नेमके सांगावे.

लेकरांच्या चालीने चालणे म्हणजे काय, ह्याचा मोठा दाखला आपल्याच प्रांतात घडला आहे. 1945 साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम आरंभिले; 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरत असता तेथेच शिक्षण चाले. महागड्या साधनांच्या ठिकाणी त्यांनी खडे, बिया, पाने व शिंपले वापरले. त्यांनी मुलांस शेळ्या सोडून या असे सांगितले नाही. त्या स्वतः शेळ्यांच्या वाटेवर गेल्या. आम्ही मात्र एका गुराख्यास दाराशी उभे केले होते.

मार्काच्या दहाव्या अध्यायात लेकरांस अडविणारे कोणी परके नव्हते; प्रभूचे शिष्यच होते. तेही बहुधा व्यवस्थेच्याच नावाने अडवीत असावेत. प्रभू येशू रागावला तो लेकरांवर नव्हे, तर शिष्यांवर. आणि मग त्याने लेकरांस जवळ घेऊन, त्यांवर हात ठेवून आशीर्वाद दिला. वर्ग चालविणाऱ्या आपणा सर्वांस हे वचन दर रविवारी दारातून आत जाताना आठवावे.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घ्या. एसावास भेटण्याच्या आदल्याच रात्री याकोब पनिएल येथे देवाच्या हाती सापडला होता, आणि सकाळी तो लंगडत चालत होता. जो मनुष्य तारुण्यात भावास मागे टाकण्यासाठी धावला, तो आता लेकरांबरोबर चालण्याजोगा झाला. आपल्या चुकीने ज्याची मांडी लचकली आहे, त्या शिक्षकाने निराश होऊ नये. देव त्यास कदाचित लहानांच्या चालीवर आणीत असेल.

येत्या रविवारी पाव तास आधी जा. हजेरीत जे नाव काही आठवडे रिकामे आहे, ते शोधा. आणि पुढचा रविवार येण्यापूर्वी त्या लेकराच्या घरी, नाहीतर माळावर, जाऊन या. त्याच्याकडे चालत जाण्याची कृपा प्रभू आपणांस देवो. आमेन.