कुणाकडं आलात?

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एसटीतून अनोळखी माणूस उतरला, की पारावरून पहिला प्रश्न येतो, 'कोण्या गावचे पाहुणे?' आणि लगोलग दुसरा, 'कुणाकडं आलात?' पहिल्याला पुणे, मुंबई, काहीही उत्तर चालतं. दुसरा प्रश्न मात्र टाळता येत नाही. 'कुणाकडं नाही, सहज आलोय, चार दिवस राहावं म्हणतो' असं सांगितलं, की पारावरचं बोलणं थांबतं. जो तो मनातल्या मनात अंदाज बांधू लागतो. जमीन बघायला आला असेल. पीकविम्याचा असेल. सोयरीक जुळवायच्या आधी घर-दार चाचपायला आला असेल. हल्ली त्यात एक भर पडली आहे : जालना-नांदेड द्रुतगती मार्गाच्या मोजणीवाला असेल. माणूस नुसता राहायला आलाय, हा अंदाज सगळ्यात शेवटी येतो आणि त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

गावाचं यात काही चुकत नाही. ते प्रवाशाला त्याच्या जागेवर बसवू पाहत असतं आणि ती जागा सापडत नसते. सावकाश प्रवासाची जी कल्पना गेल्या दोन-तीन दशकांत जगभर रुजली, तिच्यात ही जागेची अडचण कुणी फारशी मोजलेली नाही. १९८६ साली रोममध्ये मॅकडॉनल्डचं दुकान येऊ घातलं, तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी निषेध केला. त्यातून सावकाश अन्नाची चळवळ उभी राहिली, १९८९ मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा निघाला, दहा वर्षांनी इटलीतल्या छोट्या शहरांनी सावकाश शहरांचा संघ काढला. तोच विचार पुढे प्रवासाला लागू झाला. तीन दिवसांत सात ठिकाणं उरकण्यापेक्षा एका गावात राहा, तिथलं खा, पायी फिरा, माणसांशी बोला. यात नाकारावं असं काही नाही. फक्त एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की प्रवाशाकडे वेळ असला म्हणजे झालं. माझ्या मते वेळ हा त्यातला सोपा भाग आहे. सुट्टी मिळते, पैसे साठतात. पण आपण गावाच्या हिशेबात कुठे बसतो, ते विकत मिळत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी याच गंगातीराने फिरले. परभणीचा माणूस गोदावरीला आजही गंगाच म्हणतो. स्वामींनी आपल्या अनुयायांना जी रीत लावून दिली, तिच्यात अटन होतं, भिक्षा होती, एका जागी पाय रोवू नयेत हा दंडक होता. पुढे महानुभावांनी 'स्थानपोथी' लिहिली. स्वामी कुठल्या गावात कुठे बसले, कुठे निजले, याची ती नोंद. पण मला त्या रीतीतली भिक्षा महत्त्वाची वाटते, कारण भिक्षेत गावाला नकार द्यायची सोय आहे. झोळी घेऊन दारात उभा राहिलेल्या माणसाला 'पुढे जा' म्हणता येतं. तो रागावत नाही, दुसऱ्या दारी जातो. जे मिळेल ते खातो. आजच्या प्रवाशाला दारातून परत पाठवणं गावाला जमत नाही. तो शिकलेला, शहरातला, हातात कॅमेरा असलेला. त्याला चहा द्यावाच लागतो.

त्या चहाचा हिशेब कुणी तरी मांडायला हवा, आणि तो मांडला गेलेला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांवगाडा' लिहिलं. त्यात 'फिरस्ते' हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. गावोगाव हिंडून मागून खाणाऱ्या नाना तऱ्हेच्या लोकांची त्यात दखल आहे. आत्रे महसूल खात्यातले, इंग्रजी मुलखातले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. पण हिशेब दोन्हीकडे सारखाच होता. आत्र्यांना दिसलं ते असं, की गावात येणारा प्रत्येक फिरस्ता शेवटी कुणब्याच्या कणगीतून खातो. त्या जातींबद्दल ते जे लिहितात, त्यात अनेकदा सहानुभूती कमी आणि साहेबी कडकपणा जास्त आहे, आज ते वाचवत नाही. फिरस्त्यांकडे गावाला देण्यासारखं काय होतं, हेही त्यांनी पुरतं पाहिलं नाही. वासुदेव पहाटे जागवत होता, जोशी पंचांग सांगत होता, नंदीवाला पोरांना हसवत होता, आणि हे सगळे या गावची बातमी त्या गावी नेत होते ते वेगळंच. तरी आत्र्यांचा मूळ प्रश्न खोडता येत नाही : पाहुणचार कुणाच्या अंगावर पडतो?

ग्रामीण आतिथ्याचं कौतुक करणाऱ्या लेखांत हा प्रश्न येत नाही. 'त्यांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला' हे वाक्य मात्र हमखास येतं. नकार बहुधा ओट्यावर बसलेल्या पुरुषाने दिलेला असतो. आत चुलीपुढे किंवा गॅसपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापणाऱ्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. तिची सकाळ पाच वाजता सुरू झालेली असते, अकरापर्यंत तिला कापूस वेचायला जायचं असतं, आणि पाहुण्यासाठी पिठलं-भाकरी 'साधीच' करायची असते. सावकाश प्रवाशाला जे निवांत जेवण वाटतं, ते तिच्या दिवसातून असं कापून घेतलेलं असतं. म्हणून कृषी पर्यटनाच्या दरपत्रकाला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, एक एकरभर जमीन असलेल्या शेतकऱ्यालाही केंद्राची नोंदणी करता येईल अशी सोय केली. 'पाहुणा आता गिऱ्हाईक झाला' अशी हळहळ तेव्हा ऐकू आली. मला तर वाटतं, पाहुणचाराचं बिल पहिल्यांदाच उजेडात आलं. ते पैसे भाकरी थापणारीच्या हातात पडतात का, एवढं मात्र बघायला हवं. बहुतेक केंद्रं पुणे-नाशिक-कोकणाकडे आहेत, परभणीकडे हे लोण जेमतेम पोचतंय. म्हणजे ते नीट सुरू करायला इथे अजून वाव आहे.

इथे येऊन काय बघायचं, हाही पेच आहे. परभणीला डोंगरदऱ्या नाहीत असं नाही. उत्तरेला जिंतूरकडे डोंगराच्या रांगा आहेत, नेमगिरीची जैन लेणी आहेत, चारठाण्याला जुनी मंदिरं आहेत, पूर्णेवर येलदरीचं धरण आहे. दक्षिणेला गंगाखेड ओलांडलं की बालाघाट चढू लागतो. जिंतूर ते परभणी चाळीसेक किलोमीटर, परभणी ते गंगाखेड साधारण तेवढंच. पायी गेलं तर या टप्प्यात जमीन दोनदा बदलते : वर मुरमाड माळ, मध्ये गोदा-दुधनेच्या खोऱ्यातली काळी कसदार माती, खाली पुन्हा बरड. पाथरी-मानवतच्या बाजूला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी येतं. पैठणचं हे धरण १९७६ साली झालं, कालवा दोनशे आठ किलोमीटरचा. तो ज्या शिवारातून जातो आणि ज्यातून जात नाही, त्यांच्यातला फरक गाडीच्या काचेतून एका मिनिटात मागे पडतो आणि पायी चालणाऱ्याला अर्धा दिवस दिसत राहतो. पाटाच्या गावात ऊस उभा असतो. ऊस तोडायला जिल्ह्याबाहेर जाणारी माणसं बिनपाटाच्या गावात राहतात.

यात शहरी प्रवाशाचा मोसम नेमका आडवा येतो. त्याला यायचं असतं डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा परभणीचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली घसरतो, शेतात आगटी पेटते, गूळभेंडीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. हुरड्याचं सुख खरंच मोठं आहे. ते नाकारणारा माणूस अरसिक. पण त्याच महिन्यांत गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरच्या कोरडवाहू गावांतली आणि तांड्यांवरची घरं कुलपात असतात. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांकडे गेलेल्या असतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं. प्रवासी ज्याला 'गावाची शांतता' म्हणतो, तिच्यात हे कुलूप आहे. गाव शांत नसतं, निम्मं बाहेरगावी असतं. आणि ज्वारीचं म्हणाल, तर खरिपात सोयाबीन आणि मागून हरभरा असं गणित बसल्यावर रब्बी ज्वारीचा पेरा आक्रसत गेला आहे. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ झालं. त्याने ज्वारीवर पुष्कळ काम केलं, लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा वाण २०१८ मध्ये आला. पण काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला तर नाहीच नाही. गावातली माणसं वर्षभर खाण्यापुरती आणि कडब्यापुरती पेरतात. हुरडा खाणारा पाहुणा अशा शिलकीतला वाटेकरी असतो.

मला कुणी विचारलं, तर मी भर पावसाळ्यात या म्हणेन. बघायला तेव्हा विशेष काही नसतं, उलट हाल होतात. पण काळी माती तुमचा वेग तुमच्या हातात ठेवत नाही. दोन दिवस झड लागली की पांदण बंद. चपला हातात घ्याव्या लागतात, मोटरसायकल बांधावर सोडावी लागते, शेतातल्या आखाड्यावर अडकलेला माणूस आखाड्यावरच राहतो. ज्याला आपण सावकाशपणा म्हणून निवडतो, तो तिथल्या माणसाला न विचारता लादलेला आहे. बाळंतीण, आजारी म्हातारा, दुधाचे कॅन, शाळेत जाणारी मुलगी, सगळे त्याच चिखलातून. आठवडाभर त्या चिखलात काढल्यावर गावातली माणसं पक्क्या रस्त्यासाठी तहसीलवर मोर्चा का नेतात, ते समजावून सांगावं लागत नाही. 'गावपण जपायला हवं, रस्ते आले की सगळं बिघडतं' असं म्हणणाऱ्याची परतीची तारीख ठरलेली असते. परभणीचे कवी इंद्रजित भालेराव यांची शहरातल्या मित्राला गावाकडे बोलावणारी कविता महाराष्ट्रभर गाजली. त्या आमंत्रणात वाटेवरचे काटे आधी सांगितलेले आहेत, हे तिचं मोल.

पावसाळ्याचाच आणखी एक पाहुणा आहे. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर परभणी, गंगाखेडमार्गे जाते. महिनाभराची पायी वारी. मृगाच्या पेरण्यांच्या आगेमागे ती या जिल्ह्यातून चालत असते. शेकडो माणसं रोज नव्या गावात मुक्कामाला. एवढ्या पाहुण्यांना कुणी 'कुणाकडं आलात' विचारत नाही. ती कुणाकडे आली आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुठल्या गावाने दुपारचं जेवण द्यायचं, कुठे रात्रीचा मुक्काम, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. पंगतीसाठी वर्गणी होते, भाकरी घरोघरून गोळा होतात, आणि ते ओझं एका बाईच्या चुलीवर पडत नाही, साऱ्या गावात वाटलं जातं. वारकरी सकाळी उठून निघून जातो. रेंगाळत नाही. म्हणजे गावात राहायचा काळ लांबवला म्हणून संबंध खोल होतो असं नाही. एका रात्रीचा वारकरी दर वर्षी येतो, त्यामुळे त्याची गावाशी जी ओळख असते, ती एकदाच येऊन महिनाभर राहिलेल्या प्रवाशाची नसते. मला यात प्रवाशासाठी एक सोपा सल्ला दिसतो : लांब राहू नका, पुन्हा या. त्याच गावात, त्याच घरी, दुसऱ्या ऋतूत. तिसऱ्या खेपेला पारावरचा माणूस तुमच्या वतीने उत्तर देतो, 'ते अमक्याकडं येत असतेत.' मग कुणी बैल दाखवायला नेतं, कुणी पोराच्या नोकरीसाठी पुण्यात कुणाची ओळख आहे का विचारतं. हे दुसरं झालं की समजावं, तुम्हाला जागा मिळाली. ओळख सांगायला सांगणं, अर्ज लिहून मागणं, दवाखान्याचा पत्ता विचारणं, हे देणंघेणं सुरू झालं की तुम्ही सुटलात. नुसतं बघत बसायचं राहिलं नाही. अनेक प्रवाशांना नेमकी हीच वेळ नकोशी होते. गाव आपल्याला काही मागणार नाही या अटीवर त्यांना गाव आवडलेलं असतं.

एवढं सगळं बोलताना आपण प्रवासी शहरातला आणि बघायचं ते गाव, असंच धरून चाललो. उलट दिशेने केवढा प्रवास चालू आहे! ऑगस्ट २०२२ पासून एसटीत पंच्याहत्तर वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून परभणीच्या बसस्थानकावर धोतर-टोपीतले म्हातारे आणि पिशवी घेतलेल्या बायका दिसतात, त्यांतल्या कित्येकांना कुठेही वेळेवर पोचायचं नसतं. तुळजापूरला जाऊन येतात, माहूरला जातात, चाळीस वर्षं न भेटलेल्या मावसबहिणीकडे जाऊन राहतात. फलाटावर बसून शेजारच्याला गाव विचारतात, भाव विचारतात, पाऊस विचारतात, आणि त्यांची गाडी निघून गेली तर पुढच्या गाडीने जातात. महामंडळाला हे परवडतं का, हा वेगळा वाद. त्यांना मात्र कुठल्याही गावी उतरल्यावर 'कुणाकडं आलात' या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं, आणि नसलं तर ते तिथल्या पारावर बसून तासाभरात एखादा सोयरा शोधून काढतात.