घरचा मामला आणि सभेचा धर्म

‘हा आमच्या घरचा मामला आहे, तुम्ही मध्ये बोलू नका.’ बायकोवर हात उगारणारा माणूस शेजाऱ्याला हेच सांगतो, आणि जगाच्या सभेत बसलेली राज्येही एकमेकांना हेच सांगतात. तेव्हा प्रश्न असा की, भिंतीआड चाललेल्या अन्यायाविषयी बाहेरच्याने बोलावे की नाही? कोणी म्हणेल, वारकऱ्याला या राजकारणाशी काय करायचे आहे? पण वाचकहो, आम्हां मराठवाड्याच्या लोकांना तसे म्हणता येत नाही. आपले घरच एकदा त्या सभेपुढे गेले होते.

आधी दृष्टांत घेऊ. कौरवांच्या सभेत द्रौपदीला ओढून आणले, तोही घरचाच मामला होता. सासरे घरचे, दीर घरचे, पतीही तिथेच बसलेले. तिने विचारले, जो स्वतःला आधीच हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून उत्तर टाळले. उठला तो विकर्ण. धृतराष्ट्राचाच मुलगा, दुर्योधनाचाच भाऊ. ही जिंकली गेलेली नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. कर्णाने त्याला पोर ठरवून गप्प केले. सभा विकर्णाच्या बोलण्याने थांबली नाही, हे खरे. पण त्या घरात धर्म अगदीच मुका नव्हता, याची साक्ष तेवढी राहिली.

आता आपल्या घराकडे येऊ. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण पाथरी, परभणी, नांदेड हा सारा मुलूख निजामाच्या राज्यातच राहिला. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावेच्या गावे त्रस्त केली. आमच्या जन्माआधीची ही गोष्ट. पण ‘रझाकारीत’ म्हटले की जुन्या माणसांचा आवाज खाली येई, तो आम्ही ऐकलेला आहे. ऑगस्ट 1948 मध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार केली. आम्ही स्वतंत्र राज्य आहोत आणि भारत आमच्यावर दडपण आणतो आहे, असा तिचा आशय. पण या तक्रारीत प्रजेचा शब्द कुठे होता? प्रजेची बाजू मांडणारे स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा तुरुंगात होते. आणि त्याच ऑगस्टात, हैदराबादेत, ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले, एवढाच त्यांचा अपराध. विकर्ण कोणत्या जातीत, कोणत्या धर्मात जन्मेल, याचा नेम नसतो.

13 सप्टेंबरला भारताची फौज शिरली, 17 ला निजामाने शस्त्र खाली ठेवले. मधल्या काळात, 16 तारखेला, पॅरिसमध्ये सुरक्षा समितीपुढे हा विषय निघाला. भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांनी सांगितले की हैदराबाद हे राज्यच नव्हे, त्याला इथे तक्रार करण्याचा अधिकार नाही. पुढे निजामाने तक्रार मागे घेतली.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो. दोनच वर्षे आधी, 1946 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या जमिनी घेण्याच्या हक्कावर तिथल्या सरकारने बंधने घातली, तेव्हा भारताने तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित यांनी बाजू मांडली. दक्षिण आफ्रिकेने म्हटले, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. सभेने ते ऐकले नाही. 8 डिसेंबर 1946 ला ठराव भारताच्या बाजूने झाला. मग तेव्हा दुसऱ्याच्या घरात डोकावणारे आपण, हैदराबादच्या वेळी दार कसे लावतो?

याचे समाधान असे. शब्द सारखे असले तरी माप शब्दांना लावायचे नसते. घरातल्या सर्वांत दुबळ्याला बोलू दिले जाते की नाही, हे पाहायचे. प्रिटोरियाचे सरकार त्याचे तोंड बांधीत होते, निजामाचेही बांधीत होते. म्हणून 17 सप्टेंबर हा आपला मुक्तीचा दिवस, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही.

पण माप हातात घेतले की ते आपल्यालाही लागते. पोलीस ॲक्शननंतर याच मुलुखात मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्या अंदाजाने 27 ते 40 हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागली. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवल्याच्या हकिकतीही तिने टिपल्या. समिती पाठवणे हे विकर्णाचे काम झाले. तिचा अहवाल मात्र कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. तिथे आपणही म्हटले, घरचा मामला आहे. रझाकारांनी मारलेल्यांसाठी रडायचे आणि त्या मागून मेलेल्यांचा आकडा दडवायचा, याला न्याय म्हणत नाहीत. देण्याचा शेर वेगळा आणि घेण्याचा वेगळा ठेवणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो?

त्याच पॅरिस शहरात 10 डिसेंबर 1948 ला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमात ‘पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या हंसाबाई मेहता यांनी आग्रह धरून तिथे ‘सर्व मानव’ असा अर्थ देणारा शब्द घालविला. एका शब्दाने निम्मे जग आत आले. पण कागदावर आत आलेला माणूस मनात आत यायला वेळ लागतो. आज मोठी राष्ट्रे शत्रूच्या घरातला अन्याय मोठ्याने सांगतात आणि मित्राच्या घराशी आली की खाली पाहतात. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या पाथरीत दोन्ही समाजांची घरे आहेत. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी त्या वर्षाच्या आठवणी मनात दाबून दिवस काढले.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. दर 17 सप्टेंबरला झेंड्याला नमस्कार करावाच. त्या दिवशी मुलांना गोविंदराव पानसरे सांगा, शोएबुल्ला खान सांगा, आणि नंतर मेलेल्यांचेही सांगा. सारे सांगितल्याने मुक्ती उणी होत नाही. सभेत बसून गप्प राहिले त्यांची नावे मोठी होती. तरी त्या दिवशी धर्म एका पोराच्या तोंडून बोलला.